जाग आली, मग चिडचिड का उरली?

प्रश्न : मी दीड वर्षापासून रोज पहाटे ध्यानाला बसते. काही महिन्यांपूर्वी एकदा बसल्या जागी मन विलक्षण शांत झाले आणि ‘मी’ कुणी वेगळी आहे ही जाणीवच काही काळ विरून गेली. पुढचे तीन-चार दिवस कशानेही मन ढवळले नाही. हीच आध्यात्मिक जागृती, असे मला वाटले. आता मात्र सारे पूर्ववत झाले आहे. मुलीने एखादी गोष्ट दोनदा विचारली तरी माझा आवाज चढतो, आणि ध्यान सुरू केल्यापासून मी तुटक वागते असे घरचे म्हणतात. मला आलेली जाग खोटी होती का? ती परत कशी मिळवावी?
— एक वाचक

उत्तर : तुमचा अनुभव ओसरला, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत निरनिराळ्या परंपरांतील साधकांचे अनुभव ताडून पाहिले, तेव्हा क्षणिकता हे त्यांचे एक लक्षण म्हणून नोंदवले; विरळा अपवाद सोडल्यास अर्धा तास, फार तर एक-दोन तास, एवढीच अशा अवस्थेची मुदत त्यांना आढळली. अशा अनुभवाचे मोल त्याच्या उगमावरून नव्हे, तर त्याच्या फळांवरून ठरवावे, हेही त्यांनीच सांगितले. म्हणून ती पहाट परत कशी मिळवावी हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. तिची वाट पाहत बसलात, तर रोजचे ध्यान हे रोजच्या निराशेचे कारण होईल.

संस्कृतातील ‘बुध्’ या धातूचा अर्थ जागे होणे, जाणणे असा आहे आणि बोध, बुद्धी, बुद्ध हे शब्द त्यातूनच आले आहेत. झोपेतून उठलेल्या माणसाला काही नवे मिळालेले नसते. खोली तीच असते, तिच्यातला पसाराही तोच असतो, फक्त आता तो दिसू लागतो. त्यामुळे जागृतीची खूण आनंदात शोधण्यापेक्षा दिसण्यात शोधावी, असे मला मनापासून वाटते. आपला आवाज चढतो हे तुम्हाला दिसले, तो किती क्षुल्लक कारणाने चढतो हेही दिसले, आणि त्याचे खापर तुम्ही मुलीवर फोडले नाही. ही जाग नव्हे, तर दुसरे काय आहे?

सतिपट्ठान सुत्त या बुद्धाच्या पाली भाषेतील उपदेशात श्वासाबरोबरच चालणे, वळून पाहणे, हातपाय आखडणे-पसरणे, खाणे-पिणे, बोलणे, गप्प राहणे, इतकेच नव्हे तर मलमूत्रविसर्जन हेसुद्धा भान राखून करण्याच्या क्रियांत मोजले आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संन्यासिनी आविलाच्या तेरेसा यांनीही आपल्या मठातील भगिनींना स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही देव वावरतो, असे बजावले होते. दिवसाचा कोणताच भाग साधनेबाहेर नाही, ही समजूत इतक्या दूरदूरच्या लोकांनी स्वतंत्रपणे जपली, याचे मला फार अप्रूप वाटते. तुमची साधना मात्र पहाटेच्या आसनावर संपते आणि मुलीचा प्रश्न तिच्यात व्यत्यय म्हणून येतो, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

राग शब्दांत उतरण्याआधी शरीरात येतो. जबडा आवळतो, श्वास उथळ होतो, खांदे ताठ होतात. एवढे ओळखता आले आणि एक पूर्ण श्वास सोडून मग उत्तर दिले, तर राग नाहीसा होईलच असे नाही, परंतु काय बोलायचे हे ठरवण्यापुरती जागा तुम्हाला मिळेल. पुष्कळदा ती हुकेल. हुकली, तर त्याच दिवशी मुलीला ‘मी उगाच ओरडले’ एवढे सांगावे. ध्यान, थकवा, कामाचा ताण यांची कारणे त्याला जोडू नयेत.

घरच्यांची तक्रार मात्र मला अधिक गंभीर वाटते. न सुटलेली दुःखे आणि अवघड नाती अध्यात्माच्या आडोशाने टाळण्याच्या प्रवृत्तीला अमेरिकी मानसोपचारक जॉन वेलवूड यांनी १९८०च्या दशकात स्वतंत्र नाव दिले, कारण प्रामाणिक साधकांतही ती त्यांना वारंवार दिसत होती. अलिप्तता आणि अबोला बाहेरून सारखेच दिसतात. फरक एवढाच की अलिप्त माणसाजवळ जायला कुणाला भीती वाटत नाही. कुणाशी काही बोलायचे राहून गेले असेल, तर शांततेच्या नावाखाली ते आणखी पुढे ढकलू नका.

एक गोष्ट आरोग्याची. ‘मी’पण विरल्याची भावना वारंवार येऊन भीती वाटू लागली, झोप उडाली किंवा रोजची कामे अडू लागली, तर ध्यान थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्यात साधनेचा कोणताही कमीपणा नाही.

दोन महिन्यांनी, ध्यानाचा उल्लेखही न करता, घरच्यांना एवढेच विचारा की तुमच्याशी बोलणे त्यांना पूर्वीपेक्षा सोपे वाटते का. ते काय म्हणाले, हे मला जरूर कळवा.