मूल मागच्या सीटवर राहून जाते तेव्हा: नऊ वर्षांपूर्वीचा माझा अनुभव

झोपलेला मुलगा मागच्या सीटवर आहे हे ऑफिसच्या लिफ्टपाशी पोहोचेपर्यंत आपल्या ध्यानातच नव्हते, आणि आता स्वतःच्या बापपणाविषयीच शंका येते, असे आपण लिहिले आहे. नऊ वर्षांपूर्वी माझी अवस्था हीच होती. फरक इतकाच की मला पंचवीस मिनिटांनी आठवले, तेही गाडीत राहिलेली फाईल आणायला परत गेलो म्हणून. आभाळ भरलेले होते, एवढ्यावर मुलगी वाचली.

बंद गाडी तापते वगैरे आपल्याला ठाऊक असेलच. बाहेर २७ अंश सेल्सिअस असताना, ऊन असेल तर, दहा मिनिटांत आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास जाते, लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसे काही साधत नाही. मी काच तशीच ठेवत असे आणि त्यावर निर्धास्त असे.

माझी खरी चूक मात्र आदल्या रात्रीची होती. मुलीला पाळणाघरात रोज पत्नी सोडत असे. त्या दिवशी ते काम माझ्याकडे आले आणि शेजारच्या सीटवर लॅपटॉप ठेवायचा म्हणून मुलीची पिशवी मी रात्रीच मागे टाकली. डोळ्यांसमोर राहणारी एकमेव खूण मी स्वतःच्या हाताने हलवली होती. मूल झोपले, आवाज थांबला आणि हात सवयीने ऑफिसच्या रस्त्याला वळले. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील मेंदूविज्ञानाचे अभ्यासक डेव्हिड डायमंड यांनी हेच मांडले आहे: सवयीची स्मृती ‘हे करायचे आहे’ या स्मृतीवर मात करते, त्याचा मायेशी संबंध नसतो. तेव्हा इथे आपल्याला बेजबाबदार म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

पिशवी आता पुढे असते आणि माझा डावा बूट मागे, मुलीच्या धाकट्या भावाच्या सीटखाली. हसू येईल, पण एका बुटाने ऑफिसात जाता येत नाही. सीटचे अलार्म मिळतात, हवे तर घ्यावेत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. घरी उभी असलेली गाडीही कुलूपबंद ठेवा, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि मूल दिसेनासे झाले तर गाडी व डिकी लगेच पाहा.

मी डॉक्टर नाही, तरीही सांगतो: मूल तापलेले, सुस्त किंवा बेशुद्ध आढळले तर आधी रुग्णवाहिका बोलवा, सावलीत आणून कपडे काढा, अंगावर पाणी घालून वारा घाला, शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका.

राग मात्र अजून पाळणाघराचा येतो. हजेरी घेतली गेली होती, मुलीच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले होते, आणि कोणी फोन केला नाही. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘कळवणे हे पालकांचे काम आहे.’ ज्या पालकाला मूल गाडीत असल्याचेच आठवत नाही, तो काय कळवणार, हे मी तीन पत्रांतून विचारले. एकाचेही उत्तर आले नाही. माझ्या मते, ठरल्या वेळेनंतर दहा मिनिटांत मूल पोहोचले नाही तर आई आणि वडील दोघांनाही फोन जाईल, हे प्रवेशाआधी लेखी घ्यावे. त्यांनी टाळाटाळ केली तर दुसरी जागा पाहावी. आम्हाला ती मिळायला दोन महिने गेले आणि अंतरही दुप्पट झाले, पण तिथून पहिल्याच आठवड्यात, आम्ही वाहतुकीत अडकलो असताना, फोन आला.