वाचकांचे प्रश्न : पीयूसीच्या आधी बीजगणित

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) चांगल्या गुणांनी पास झाली. पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्स घेतलंय. कॅल्क्युलसची शिकवणी आत्ताच लावावी का? (एक पालक, खानापूर)

उत्तर : घाई नको. डेरिव्हेटिव्हचे नियम पाठ होतात; गणित अडतं ते त्याखालच्या बीजगणितात. तिला हे सोडवायला द्या : √(क्ष+७) = क्ष−५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष²−११क्ष+१८ = ०, म्हणून क्ष = ९ किंवा २. बरीच मुलं इथंच थांबतात. मूळ समीकरणात ९ घाला : ४ = ४, जमलं. २ घाला : डावीकडे ३, उजवीकडे −३. वर्ग करताना ऋण चिन्ह पुसलं जातं, म्हणून २ हे खोटं उत्तर आत शिरतं. केसीईटीत (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेत) ८० मिनिटांत ६० गणितं असतात, तिथं पडताळायला वेळ काढायचा तर ती सवय आधीच हाडीमाशी खिळलेली हवी.

दुसरी नेहमीची चूक १/क्ष < २ मध्ये. सरळ क्षने गुणून मोकळं व्हायचं नाही. क्ष ऋण असेल तर चिन्ह उलटतं. सगळं एका बाजूला घ्या : (१−२क्ष)/क्ष < ०. उत्तर क्ष < ० किंवा क्ष > १/२. गुणून टाकलं की पहिला अर्धा भाग हातचा जातो.

पूर्ण वर्ग करणं मात्र घोटून घ्याच. क्ष²+६क्ष+१३ मध्ये ६ चा निम्मा ३, त्याचा वर्ग ९, उरले ४; म्हणून (क्ष+३)²+४. सेकंड पीयूसीच्या इंटिग्रेशनमध्ये हीच पायरी सुचली नाही की पुढचं सगळं अडतं. रोज पाऊण तास, आठ-दहा गणितं, आणि एकही पायरी तोंडी नाही. चुकलेलं गणित तिसऱ्या दिवशी उत्तर न बघता पुन्हा करायचं. शिकवणीपेक्षा यानं जास्त फरक पडतो, असं आमचं मत.

प्रश्न : केमिस्ट्रीत पीएच काढताना लॉग चुकतो. (विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : हायड्रोजन आयनांचं प्रमाण २×१०⁻⁵ धरा. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज; २ चा लॉग ०.३०१, १०⁻⁵ चा −५ : ०.३०१−५ = −४.६९९. पीएच म्हणजे या लॉगचं चिन्ह बदलून येणारा आकडा, म्हणून पीएच सुमारे ४.७. घाईत ५ मध्ये ०.३०१ मिळवून ५.३ लिहिलं जातं. ताडून पाहायचं तर, प्रमाण १०⁻⁵ पेक्षा जास्त आहे, म्हणजे द्रावण पीएच ५ च्या द्रावणापेक्षा जास्त आम्ल, आणि आम्लता वाढली की पीएच उतरतो. आकडा ५ च्या खालीच यायला हवा.