ताटं उचलण्याआधी बारा वचनं

प्रश्न: दर जानेवारीत वर्षभरात बायबल पूर्ण वाचायचं ठरवतो आणि फेब्रुवारीत गाडी अडते. आम्ही परदेशात राहतो, मुलं बारा आणि आठ वर्षांची आहेत. मराठी समजतात, पण देवनागरी वाचत नाहीत. घरात रोजचं शास्त्रवाचन टिकवायचं कसं?

उत्तर: गाडी कुठे अडते ते आधी बघा. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत (कॅथलिक प्रतीत पुस्तकं 73, म्हणजे अध्याय आणखी जास्त). वर्षात संपवायचं तर रोज तीन-सव्वातीन अध्याय होतात. पहिल्या दोन पुस्तकांचे, म्हणजे उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40, अध्याय झाले की जानेवारीच्या शेवटी तुम्ही लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या दारात उभे असता. तिथे होमार्पणं आणि महारोगाचे नियम, आणि समोर आठ वर्षांचं मूल. त्यातच दोन दिवस आजारपणात गेले की सहा अध्याय थकतात, पाहुणे आले की बारा. त्या थकबाकीच्या ओझ्याखालीच वाचन बंद पडतं. एकट्या मोठ्या माणसाला वर्षाची योजना झेपते. अख्ख्या कुटुंबाला ती लावू नका.

घरासाठी मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे: 16 अध्याय, सुमारे पावणेसातशे वचनं (अध्यायातले क्रमांक घातलेले छोटे तुकडे). रोज साधारण बारा वचनं, आठवड्यातून पाच संध्याकाळी, म्हणजे साधारण अकरा-बारा आठवडे लागतात. अध्यायाप्रमाणे तुकडे पाडू नका, प्रसंगाप्रमाणे पाडा. पहिल्या अध्यायाची 45 वचनं चार दिवसांत अशी वाटता येतात: 1 ते 13, 14 ते 28, 29 ते 39 आणि 40 ते 45. शेवटच्या दिवशी सहाच वचनं येतात. येऊ द्या, कुष्ठरोग्याच्या त्या प्रसंगावर मुलं बोलतील.

वेळ घड्याळावर ठरवू नका, रोज होणाऱ्या कामाला जोडा. रात्रीचं जेवण संपलं, पण ताटं अजून उचललेली नाहीत, ही वेळ सर्वांत भरवशाची. एकदा मंडळी उठली की परत जमत नाहीत. ‘झोपण्याआधी’ ही वेळ मात्र टाळा. तेव्हा लहान पेंगलेलं असतं, मोठ्याचा गृहपाठ उरलेला असतो, आणि बायबल शिक्षा वाटायला लागतं. एकाची रात्रपाळी असेल तर दुसऱ्याने वाचावं आणि पाळीवरच्याला तोच तुकडा व्हॉइस मेसेजने पाठवावा.

भाषेचं असं करा: आधी मूल इंग्रजीत वाचेल, मग तोच तुकडा तुम्ही मराठीत मोठ्याने वाचा. अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे ‘शुभवर्तमान’, ‘पश्चात्ताप’ असे शब्द कानाला परके वाटत नाहीत. उलट क्रमाने केलंत तर मूल मराठीच्या वेळी नुसतं थांबून राहतं. छापील प्रत हाताशी ठेवा, कारण फोन उघडला की त्यातले निरोपही उघडतात. जुन्या प्रतीची भाषा जड जात असेल तर बायबल सोसायटीची सोप्या मराठीतली आवृत्ती घ्या. कॅथलिक घरांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे.

एक गोष्ट मुलं हमखास पकडतात. मार्कच्या नवव्या अध्यायात काही नव्या इंग्रजी आवृत्त्यांत 43 नंतर थेट 45 येतं, आणि तुमच्या मराठी प्रतीत 44 असू शकतं. गोंधळून जाऊ नका. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वचन नाही, म्हणून नव्या आवृत्त्यांनी ते तळटिपेत नेलं, एवढं सांगा. त्यात बारा वर्षांच्या मुलाला खरी गोडी वाटते.

वाचून झालं की प्रवचन नको. ‘आज काय नवीन दिसलं?’ एवढाच एक प्रश्न विचारा. वादळाच्या प्रसंगात (अध्याय 4, वचनं 35 ते 41) येशू नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपलाय, हे फक्त मार्क सांगतो. येशू पाच हजार माणसांना जेवू घालतो तिथलं गवत हिरवं होतं, हेही त्याचंच. मुलांना असे तपशील शोधायला लावा. बोध तुम्ही सांगायची गरज पडत नाही. मग एक मिनिट प्रार्थना आणि ताटं सिंकमध्ये. सगळं मिळून दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको, मुलं मागत असली तरी.

बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचं वेगळं वाचन हवं असेल तर बायबलमधलंच नीतिसूत्रे हे पुस्तक द्या. अध्याय 31 आहेत, तेव्हा आजची तारीख तोच आजचा अध्याय. दिवस चुकला तरी थकबाकी उरत नाही, तारीख पुढे गेली की तोही पुढे जातो. हाच नियम घरातल्या वाचनालाही लावा: काल राहिलं तर काल विसरा, आज जिथे खूण आहे तिथून पुढे.

नगरला किंवा वसईत असलेल्या आजी-आजोबांना आठवड्यातून एकदा फोनवर घ्या आणि मराठी वाचन त्यांच्याकडे द्या. न्यू जर्सीत संध्याकाळी साडेसात म्हणजे हिवाळ्यात तिकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सहा, उन्हाळ्यात पाच. मार्चमध्ये घड्याळ पुढे सरकलं की आजोबांना तासभर आधी उठावं लागेल, तेव्हा ते आधीच विचारून ठरवा. लंडनहून संध्याकाळ जमणारच नाही, तिकडे मध्यरात्र होते. शनिवारी सकाळी साडेसातला फोन लावा. त्यांच्याकडे हिवाळ्यात दुपारचा एक वाजलेला असतो, उन्हाळ्यात बारा. बाकीचे दिवस तुमचे तुम्ही वाचा. रोज फोन लावायचं ठरवलंत तर एकाची गैरसोय सगळ्यांचं वाचन बंद पाडेल.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केलीत तर नोव्हेंबरच्या अखेरीस, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) तोंडाशी मार्क संपतं. मग लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय घ्या. त्यांची 132 वचनं आहेत, रोज बारा धरली तर अकरा संध्याकाळी. नाताळाच्या आत होतात आणि मधल्या चार-सहा चुकलेल्या दिवसांनाही जागा राहते.