मालवणहून आणलेला पांढरा दगड

मागच्या अंकात मालवणच्या पाण्याखालच्या प्रवाळांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी घेता येत नाहीत, त्यातली चार घेतलीत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही आंबोलीमार्गे मालवणला गेलो होतो, तिथं किनाऱ्यावर मुलाला एक पांढरा, भोकाभोकांचा दगड सापडला, तो आता शोकेसमधे आहे. शेजारचे म्हणतात हे पोवळं आहे, घरात ठेवू नका. नेमकं काय आहे हे? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

ताई, दगड नाही तो, शेजारचे म्हणतात तसं पोवळंच, म्हणजे प्रवाळ, त्याच्या वसाहतीचा सांगाडा आहे. भिंग घेऊन बघा, प्रत्येक भोकात चांदणीसारख्या बारीक भिंती दिसतील. त्या एकेका खोलीत एकेक जीव राहात होता, त्याला पॉलिप म्हणतात, बऱ्याच जातींत तो जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, मऊ पिशवीसारखा, तोंडाभोवती सोंडा. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःखाली घर बांधत जातो, जुन्यावर नवं, जुन्यावर नवं, आणि गोलसर दगडासारखी जी पोवळी असतात ती वर्षाला एखादा सेंटीमीटर वाढली तरी पुष्कळ. म्हणजे तुमच्या मुलाच्या मुठीत मावणारा तो तुकडा तयार व्हायला कदाचित त्याच्या वयाएवढीच वर्षं लागली असतील, हे त्याला सांगा, मुलांना अशा गोष्टी बरोब्बर कळतात.

घरात ठेवण्याबद्दल. अपशकुन वगैरे काही नाही, पण कायदा आहे. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, जिथं वाघ आहे तिथंच, आणि मेलेला तुकडासुद्धा उचलून आणायचा नसतो. वनखात्याच्या ऑफिसात जाऊन सांगा आणि जमा करा, मुलालाही बरोबर न्या. तुमची चूक मुद्दाम केलेली नाही, पण मालवणच्या किनाऱ्यावर सुट्टीत किती माणसं येतात बघा की, प्रत्येकानं एक तुकडा उचलला तर?

प्रश्न : लग्नात मिळालेल्या अंगठीतलं लाल पोवळं तेच का? – चिकोडी

नाही. ते वेगळं, भूमध्य समुद्रातलं, खोल आणि अंधाऱ्या पाण्यात वाढणारं, त्याचे रीफ, म्हणजे पोवळ्यांचे पाण्याखालचे मोठे खडक, होत नाहीत. वाढ अतिशय हळू, फांदीची जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, आणि म्हणून तिकडंही उपसून उपसून मोठी झाडं दुर्मिळ झालीत. लग्नातली अंगठी आहे ती जपा, नवीन घेताना मात्र विचार करा.

प्रश्न : बातम्यांत ब्लीचिंग ब्लीचिंग ऐकतो. पोवळं पांढरं झालं म्हणजे मेलंच का? आणि एक-दोन डिग्रीनं एवढं काय होतंय? – कॉलेज विद्यार्थी, निपाणी

छान विचारलंस. आधी रंग कुठून येतो ते बघू. पॉलिपच्या अंगात एकपेशीय शेवाळ राहतं, आपल्याकडं वाट्यानं शेती करतात ना तसा व्यवहार आहे, पॉलिपनं जागा द्यायची, शेवाळानं उन्हावर अन्न पिकवायचं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला द्यायचा. काही पोवळ्यांना लागणाऱ्या ऊर्जेतली 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी मिळते. तपकिरी, हिरवट, पिवळसर हे रंग बहुतेक त्या वाटेकऱ्याचे. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा फक्त 1 डिग्री जास्त गरम झालं आणि तसंच काही आठवडे राहिलं की शेवाळाचं काम बिघडतं, त्यातनं पोवळ्याला मारक अशी ऑक्सिजनची रसायनं तयार व्हायला लागतात आणि पॉलिप त्याला अंगाबाहेर टाकतो. मग पॉलिपचं अंग काचेसारखं, आणि आतला चुन्याचा पांढरा सांगाडा दिसतो. म्हणजे पांढरं झालं म्हणजे मेलं नाही, उपाशी आहे. पाणी लवकर गार झालं तर शेवाळ परत येतं, सावरतं. नाही झालं तर महिन्या-दोन महिन्यांत मरतं आणि त्यावर केसासारखं दुसरंच शेवाळ चढतं.

1 डिग्री कमी वाटत असेल तर अंगात ताप आल्यावर थर्मामीटर किती पुढं सरकतो ते आठव, आणि तो ताप महिनाभर उतरलाच नाही असं समज.

खरी अडचण आहे ती दोन तापांच्या मधल्या अंतराची. आपल्या लक्षद्वीपमधे 1998, 2010, 2016 आणि परत 2024 ला मोठं ब्लीचिंग झालं, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधे, जो 2300 किलोमीटर लांब आहे, तिथं तर 2016 आणि 2017 सलग दोन वर्षं. रीफ पुरता सावरायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात, तेवढी सवडच मिळेना. एप्रिल 2024 ला शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. जगाची सरासरी तापमानवाढ दीड डिग्रीवर थांबली तरी 70 ते 90 टक्के प्रवाळ जातील आणि दोन डिग्रीला जवळजवळ सगळेच, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, 2018 च्या रिपोर्टमधे आहे, आणि हे वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नव्हती, कारण समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागेवर समुद्रातल्या जीवांच्या साधारण पाव जाती या ना त्या वेळी आसरा घेतात. ते घरच गेलं तर ती सगळी जाणार कुठं?

प्रश्न : समुद्र घाटाखाली, आम्ही घाटावर. आमचा काय संबंध म्हणून तुम्ही एवढं लिहालाय? आमची भातशेती आहे. – एक शेतकरी, खानापूर तालुका

काका, तुमच्याच तालुक्यातनं सांगतो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, कृष्णेतनं बंगालच्या उपसागरात. भीमगडच्या बाजूची म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. म्हणजे तुमच्या तालुक्यातलं पावसाचं पाणी दोन्ही समुद्रांत जातंय. पोवळ्याला स्वच्छ पाणी आणि ऊन लागतं, गाळ बसला की त्याचा श्वास कोंडतो, मोठ्या नद्यांच्या मुखापाशी सहसा रीफ होत नाहीत ते बरंचसं त्यामुळं. कोकणात आणि गोव्यात पोवळी तग धरून आहेत ती खडकांच्या आणि बेटांच्या आडोशाला, जेमतेम. वरचं जंगल तुटलं, डोंगर खणला की जी लाल माती पावसात वाहते ती अडवणारं खाली कोणी नाही. तुम्ही बांध घालता, बांधावर झाडं ठेवता, ते शेतासाठीच करता, पण माती तिथंच राहिली तर खाली समुद्रालाही बरंच आहे.

दुसरं म्हणजे आपली माणसं. बेळगावातनं गाड्या भरून मालवणला, गोव्याला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला स्नॉर्कलिंगला, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायला, जातात. मी मालवणला पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी फुलकोबीसारखं एक पोवळं होतं, त्याच्या खाचेत निळे-पिवळे छोटे मासे आत-बाहेर करत होते, आणि शेजारी एक जण त्याच पोवळ्यावर उभा राहून फोटो काढून घेत होता. ओरडायला गेलो तर नाकातोंडात पाणी. तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे तरी हे चालतं. पोवळ्यावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही, माशांना पाव-बिस्किट टाकायचं नाही, उन्हाचं क्रीम फासून पाण्यात उतरण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालायचा, आणि नांगर पोवळ्यावर टाकणाऱ्या बोटवाल्याला तिथल्या तिथं सांगायचं, गिऱ्हाईकानं सांगितलं की ऐकतात.

पोहायला येत नसेल तर गुजरातेत जामनगरजवळ नरारा आहे, तिथं ओहोटीला गाईडबरोबर चालत जाऊन जिवंत पोवळी बघता येतात. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरा, उधाणाच्या ओहोटीला पाणी सगळ्यात लांब जातं. भाताची मळणी उरकली की निघा, थंडीत ऊनही सोसतं.