गाडी पलटली, क्लेम नाकारला आणि गॅरेजवाला गाडी सोडत नाही: काय करता येईल?

नमस्कार. तुमचं पत्र आणि सोबत जोडलेलं इन्शुरन्स कंपनीचं लेटर, दोन्ही नीट वाचलं. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून प्रकरण थोडक्यात सांगतो. यांची साडेतीन वर्षांची फोर बाय फोर, पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही कव्हर करणारी) आहे पण झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नाही. सस्पेन्शनला गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर, लोखंडी बंपर आणि विंच (दोराने गाडी ओढायचं यंत्र) बसवलेली, यातलं आरसीवर काही नाही आणि पॉलिसीतही नाही. मित्रांसोबत कच्च्या वाटेवर गेले, आडव्या उतारावर खालच्या बाजूची कड ढासळली आणि गाडी दीड पलटी खाऊन टपावर पडली. मित्रांनी दुसऱ्या गाडीच्या विंचने ती सरळ केली, लगेच स्टार्टर मारला, इंजिन काही सेकंद धूर ओकत चाललं आणि ठक्क करून बंद पडलं. कंपनीला कळवलं चौथ्या दिवशी, आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर यायच्या आत गॅरेजवाल्याने टप आणि दरवाजे खोलून ठेवले होते. आता कंपनी म्हणते की मॉडिफिकेशन बेकायदेशीर, वापर शर्यतीसाठी, कळवायला उशीर, आणि इंजिनचं नुकसान 'कॉन्सिक्वेन्शियल' (थेट अपघाताचं नाही, परिणामी झालेलं), म्हणून काहीच देणार नाही. गॅरेजवाला म्हणतो खोलण्याची मजुरी आणि पार्किंगचे पैसे द्या नाहीतर गाडी मिळणार नाही. आणि तुमचा प्रश्न असा की स्वतःच्या पैशाने रिपेअर करून टाकू का, मग भांडू?

आधी एक काम करा, आजच. गॅरेजला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप चालेल पण ईमेल पण टाका, की माझ्या लेखी परवानगीशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही आणि काढलेला एकही पार्ट भंगारात टाकायचा नाही. तुमची सगळी केस त्या वाकलेल्या पार्टवर उभी आहे आणि गॅरेजमध्ये जुना माल दोन दिवसात गायब होतो, हे मी खूप बघितलंय.

आता इंजिन, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच आहेत आणि तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलाय पण तिथेच. गाडी उलटी झाली की इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल ब्रीदरच्या पाइपातून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, आणि पिस्टनच्या रिंगांवरून सिलिंडरमध्ये उतरतं, आणि द्रव दाबला जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारला की पिस्टन वर येताना त्या ऑइलवर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जाणकार लोक पलटलेली गाडी सरळ केल्यावर आधी इंजेक्टर किंवा स्पार्क प्लग काढतात, इंजिन हाताने फिरवून ऑइल बाहेर काढतात आणि मगच स्टार्ट करतात. तुमच्या मित्रांनी ते केलं नाही. कंपनी हेच पकडणार आणि पॉलिसीतली एक अट दाखवणार, की अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. ही अट खरंच आहे, स्टँडर्ड पॉलिसीत छापलेली आहे, ती नाही असं समजून चालू नका.

पण ती अट नीट वाचा. त्यात गाडी 'चालवली' तर असं आहे. तुम्ही गाडी चालवली नाही, ती जागची हलली पण नाही, फक्त स्टार्टर मारला. आणि सिलिंडरमध्ये ऑइल गेलं ते पलटी झाल्यामुळे गेलं, म्हणजे नुकसानीचं मूळ कारण अपघातच. दुसरं म्हणजे 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' म्हणजे माझ्या मते गाडी बंद असल्यामुळे बुडालेला धंदा किंवा भाड्याच्या गाडीचा खर्च असलं नुकसान, गाडीच्याच आतला वाकलेला रॉड त्यात ओढताण करून बसवला जातो. पॉलिसीतलं वाक्य संदिग्ध असेल तर अर्थ विमाधारकाच्या बाजूने घ्यायचा हे तत्त्व कोर्टांनी मान्य केलेलं आहे. तरी खरं सांगतो, पाणी शिरून बसलेल्या इंजिनांच्या केसेसमध्ये दोन्ही बाजूंनी निकाल लागलेले आहेत, त्यामुळे इंजिनचे पूर्ण पैसे मिळतीलच असं गृहीत धरून बजेट करू नका. पुरावा मात्र पक्का करा. इंजिनचं हेड उघडताना व्हिडिओ काढा, इनटेक पाइपातलं ऑइल, पिस्टनचा माथा, वाकलेला रॉड सगळं दिसलं पाहिजे, आणि मेकॅनिककडून सही-तारखेसह लिहून घ्या की ऑइल कुठून आलं असं त्याचं मत आहे. आणि हेड उघडायच्या आधी कंपनीला ईमेल करून तारीख कळवा, सर्व्हेअरला बोलवा. आला नाही तर तो त्यांचा प्रश्न, तुमचं पत्र फाइलमध्ये राहतं.

मॉडिफिकेशनचा मुद्दा तुमच्यासाठी अवघड आहे, इथे मी गोड बोलणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या केसमध्ये हेच स्पष्ट केलंय, आणि २०१९ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. पण आरटीओचा गुन्हा वेगळा आणि क्लेम नाकारणं वेगळं. १९९६ च्या बी. व्ही. नागराजू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अटीचा भंग अपघाताला कारणीभूत नसेल तर तेवढ्यावर क्लेम पूर्ण उडवता येणार नाही, तिथे मालवाहू वाहनात जास्त माणसं बसवलेली होती. आता स्वतःला विचारा, तुमच्या गाडीच्या पलटीशी कशाचा संबंध लागतो? विंचचा आणि बंपरचा लावणं कठीण आहे. लिफ्ट किट आणि मोठ्या टायरचा मात्र लागतो, गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर तेच नडतं. म्हणून कड ढासळल्याचे फोटो फार महत्त्वाचे, जागेवर जाऊन आणखी काढता आले तर काढा, पावसाने ती जागा बदलायच्या आत. एखाद्या स्वतंत्र लायसन्सधारक सर्व्हेअरचं मत घ्या की एवढी कड गेल्यावर कंपनीतून आलेली मूळ गाडीसुद्धा पलटली असती का. सर्व्हेअरचा रिपोर्ट हा शेवटचा शब्द नाही, २००९ च्या प्रदीप कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलंय, त्यामुळे दुसऱ्या रिपोर्टला किंमत आहे.

आणि अगदीच अटीचा भंग ठरला तरी शून्य मिळायची वेळ सहसा येत नाही. २०१० च्या अमलेंदू साहू केसमध्ये 'नॉन-स्टँडर्ड' सेटलमेंटचा आधार घेतलाय, म्हणजे अटीचा भंग झाला असला तरी मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देता येतात. माझ्या अंदाजाने तुमची केस शेवटी इथे कुठेतरी बसेल, म्हणून तक्रारीत पूर्ण रक्कम मागा आणि पर्यायी मागणी म्हणून हे पण लिहा. बिन-नोंद अ‍ॅक्सेसरीजचे, म्हणजे विंच, बंपर, लिफ्ट किटचे पैसे मात्र विसरा, त्याचा प्रीमियमच भरलेला नाही.

शर्यतीचा आरोप मला पोकळ वाटतो, पण एक गोष्ट मला खरी सांगा. पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) असा वापर वगळलेला असतो. तुमच्या त्या दिवशी एन्ट्री फी होती का, टायमिंग लावलं होतं का, नंबर काढले का, बक्षीस होतं का? नसेल तर मित्रांचं फिरणं म्हणजे शर्यत नाही, आणि वगळणूक लागू होते हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे. डांबरी रस्ता नव्हता म्हणून क्लेम नाही असं पण स्टँडर्ड प्रायव्हेट कार पॉलिसीत नाहीये. पण तुम्ही लिहिलंय की मित्राने व्हिडिओ 'चॅलेंज' नावाने टाकलाय, तो आता डिलीट करायला लावू नका, पुरावा लपवला असं दिसेल, फक्त नवीन काही टाकू नका आणि कमेंटमध्ये कुणाशी वाद घालू नका.

उशिराचं फार मनाला लावून घेऊ नका. खऱ्या क्लेमला निव्वळ उशिराच्या तांत्रिक कारणावर नाकारू नये असं विमा नियामक इर्डाने २०११ च्या परिपत्रकात सांगितलं होतं आणि २०१७ च्या ओम प्रकाश केसमध्ये सुप्रीम कोर्ट पण तेच म्हणालं. चार दिवस कुठे गेले ते लिहा, तुमच्या मित्राच्या मनगटाचं ऑपरेशन झालं ना, त्याची हॉस्पिटलची कागदं जोडा.

गॅरेजवाला. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर मेहनत-कौशल्य खर्च केलंय त्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवता येते, पण तेवढ्याच मजुरीपुरती. रोजचं पार्किंग त्यात आपोआप येत नाही, तुम्ही सही केलेल्या जॉब कार्डवर तशी अट असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ते कार्ड शोधा. माझा सल्ला, खोलण्याची वाजवी मजुरी बिल घेऊन भरा, पार्किंगची रक्कम मान्य नाही पण नाइलाजाने भरतोय असं लिहून भरावी लागली तरी भरा, आणि गाडी बाहेर काढा. वर्षभर त्याच्या आवारात गाडी गंजत ठेवून भांडण्यात तुमचंच नुकसान आहे.

आता रिपेअरचा मूळ प्रश्न. कामाला लगेच हात घालू नका, आधी चेसिस मोजून घ्या. पलटलेल्या गाडीचा पत्रा डोळ्याला दिसतो, चेसिसचा पीळ दिसत नाही, तो मिलीमीटरमध्ये मोजलेला रिपोर्ट लागतो. सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धक्का बसताच पट्टा आवळणारे), एअरबॅग, इंधन टाकी, ब्रेक लाइन हे पण एस्टिमेटमध्ये घालायला सांगा, कारण एस्टिमेट आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेलं तर गाडी टोटल लॉस धरली जाते आणि मग रिपेअर नाही, आयडीव्हीवर हिशोब होतो, लोन असेल तर पैसे आधी बँकेला जातात. त्याच्या खाली राहिलं तर झीरो डेप नसल्यामुळे तुमच्या वयाच्या गाडीला धातूच्या पार्टवर २५ टक्के, रबर-प्लास्टिक-टायर-बॅटरी-एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जाईल, काचेवर काही कापत नाहीत. टोटल लॉसमध्ये सांगाडा विकायची वेळ आली तर आरसीचं काय होतंय ते लेखी घेतल्याशिवाय देऊ नका, भंगार गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचे प्रकार होतात आणि पोलिस नोंदीवरच्या मालकाकडे येतात.

गाडीवाचून अडलंच असेल तर कंपनीला १५ दिवसांची नोटीस द्या, की अमुक तारखेपासून मी माझ्या खर्चाने, माझे हक्क राखून, काम सुरू करतोय, त्याआधी हवी तर पुन्हा तपासणी करा, जुने पार्ट जपून ठेवलेत. मग बिनधास्त करा, प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल घ्या. इंजिन बदललं तर १४ दिवसात आरटीओला कळवून आरसीवर नोंद करा, चेसिस बदलायची असेल तर परवानगी आधी. आणि लिफ्ट किट आणि ते टायर परत चढवू नका, कळकळीने सांगतोय, केस चालू असताना तुमची गाडी त्याच अवस्थेत रस्त्यावर दिसली तर समोरचा वकील फोटो लावणारच, शिवाय पुढच्या वेळी आत कोण बसलेलं असेल सांगता येत नाही.

मित्राचं मनगट मोडलंय, त्याचा हक्क वेगळा आहे. पॅकेज पॉलिसीत खाजगी गाडीत बसलेले लोक कव्हर होतात, पण मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि त्यात तुमच्या ड्रायव्हिंगवर बोट ठेवलं जाईल. म्हणून त्याला स्वतंत्र वकील करू द्या, तुम्ही त्याचे कागद भरू नका.

दाद मागायची ती अशी. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागून. एक महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही, ५० लाखांपर्यंतचा आदेश देता येतो, मुदत नाकारल्यापासून एक वर्ष. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षं. दोन्ही एकदम चालत नाहीत. तुमच्या केसमध्ये स्वतंत्र सर्व्हेअरचं मत, मेकॅनिकची साक्ष, उलटतपासणी लागेल असं दिसतंय, म्हणून मी सरळ ग्राहक आयोगात जायचं म्हणेन. मधल्या काळात कंपनीने थोडी रक्कम देऊ केली आणि 'फुल अँड फायनल'वर, म्हणजे यापुढे काही मागणार नाही यावर, सही मागितली तर आधी मला ते व्हाउचर पाठवा, सही नंतर.