व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची सलाईन चालू असताना चेहरा-मान लाल झाली, खाज सुटली. ही ॲलर्जी आहे का?

बहुतेक वेळा नाही. औषध फार वेगाने शिरेत गेलं की असं होतं. व्हॅन्कोमायसिन शरीरातल्या मास्ट पेशींमधून थेट हिस्टामिन (खाज-लाली आणणारं रसायन) बाहेर काढतं, म्हणून ते मिनिटाला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने देत नाहीत. म्हणजे 1 ग्रॅमच्या डोसला किमान 100 मिनिटं हवीत, जास्त डोसला त्याहून अधिक. बाटली लवकर संपावी म्हणून सोबतचं कुणीतरी नळीवरचं चाक सैल करतं आणि नेमकं तिथेच बिघडतं. त्या चाकाला हात लावू नका. खाज सुरू होताच नर्सला सांगा: सलाईन थांबवतात, हिस्टामिनविरोधी औषध देतात आणि लक्षणं ओसरल्यावर सहसा निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करतात. फाईलवर मात्र ‘ॲलर्जी’ असं सरसकट लिहू देऊ नका, डॉक्टरांना विचारून ‘वेगामुळे झालेली रिॲक्शन’ अशी नोंद करून घ्या. नाहीतर पुढे गरज असतानाही हे औषध टाळलं जातं. पण श्वासात घरघर, घसा आवळणं, ओठ-जीभ सुजणं किंवा चक्कर यांपैकी काहीही असेल तर ती खरी ॲलर्जी असू शकते. तेव्हा औषध ताबडतोब बंद करून तातडीचे उपचारच लागतात. सुईची जागा दुखू-फुगू लागली, तर ती वेगळी गोष्ट: औषध शिरेबाहेर जात असेल, तेही लगेच दाखवा.