एएम हर्क्युलिस महिनोन्महिने मंद का राहतो?

तुमचा प्रश्न: शौरी तारकासमूहातला हा तारा कधी १३ व्या प्रतीचा, तर कधी कित्येक महिने १५ व्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) आसपास का, आणि क्ष-किरणही तेव्हाच का आटतात?

कारण नळ बंद होतो, म्हणजे वायूचा पुरवठा. हा खरं तर जोडतारा आहे. इथल्या श्वेत बटूचं (मेलेल्या ताऱ्याच्या घट्ट गाभ्याचं) चुंबकीय क्षेत्र साधारण १.४ कोटी गॉस आहे. त्यामुळे जोडीदार लाल बटूकडून (लहान, थंड ताऱ्याकडून) येणाऱ्या वायूची चकती बनतच नाही. वायू क्षेत्ररेषांवरून थेट ध्रुवापाशी आदळतो. तिथेच कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण, मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाचा मोठा भाग तयार होतो. वाटेत साठा नाही, म्हणून पुरवठा घटला की सगळं एकदमच घटतं. नळ कोण बंद करतं? लाल बटूवरचा चुंबकीय डाग वायू निसटण्याच्या बिंदूपाशी येतो, हे १९९४ मधलं खगोलशास्त्रज्ञ लिव्हिओ आणि प्रिंगल यांचं स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं. शिक्कामोर्तब मात्र झालेलं नाही.

स्वतः तेजस्वितेचा आलेख काढणार असाल तर एकाच नोंदीवरून अवस्था ठरवू नका. कक्षाकाल (दोन्ही ताऱ्यांच्या एका फेरीचा वेळ) ३.०९४ तासांचा आहे आणि तेवढ्यातही तेजस्विता बरीच हलते. सलग तीन तास मोजा, नाहीतर दहा-दहा दिवसांचा मध्यक घ्या. एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेच्या नोंदींतून फक्त व्ही फिल्टरच्या (हिरवट-पिवळा प्रकाशच घेणाऱ्या) निवडा. फिल्टरविना कॅमेरा लाल प्रकाशही टिपतो. मंद अवस्थेत लाल बटूचा वाटा वाढतो आणि आलेखातला खड्डा खरा आहे त्यापेक्षा उथळ दिसतो.

क्ष-किरणांत मृदू आणि कठीण पट्टे वेगळेच ठेवा. १९८३ मध्ये एक्सोसॅट या क्ष-किरण उपग्रहाला मृदू किरण नेहमीच्या ध्रुवाऐवजी दुसऱ्याकडून येताना दिसले होते. एकाच पट्ट्यावर विसंबलात तर अशा वेळी हमखास फसाल.

वेळा सूर्यकेंद्री करायच्या का, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रकाश लवकर-उशिरा पोहोचतो तो फरक काढायचा का? हा तारा क्रांतिवृत्तापासून (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गापासून) बराच दूर, त्यामुळे दुरुस्ती जेमतेम अडीच मिनिटांची. दीर्घकालीन आलेखाला ती नसली तरी चालेल. पण हीच सवय कुंभेतल्या एफओ अक्वेरी या अशाच चुंबकीय श्वेत बटूच्या जोडताऱ्याला लावू नका. तो क्रांतिवृत्तालगत, दुरुस्ती आठ मिनिटांपर्यंत, आणि श्वेत बटूची फिरकी अवघी २०.९ मिनिटांची. २०१६ च्या मंद अवस्थेत तिथे ११.२६ मिनिटांचा ठोका (तेजस्वितेतला नियमित चढउतार) ठळक झाला होता. दुरुस्ती न करता वेगवेगळ्या महिन्यांच्या नोंदी जोडल्यात तर असा ठोका पार पुसला जाईल.